शिट्टीनंतरची दहा मिनिटे

फुटबॉलचा सामना ९० मिनिटांचा असतो, असे आपण म्हणतो. खेळाडूंच्या आणि प्रेक्षकांच्या दृष्टीने ते खरेही आहे. पंचाचा सामना मात्र १०० मिनिटांचा असतो, आणि त्यातली शेवटची दहा मिनिटे आधीच्या नव्वदांपेक्षा अवघड असतात. शेवटची लांब शिट्टी वाजते. जिंकलेली पोरे एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, हरलेली जागच्या जागी मटकन बसतात. मध्यभागी चेंडू काखेत धरून एक घामेजलेला माणूस उभा असतो. त्याच्या दिशेने हरलेल्या संघाचे मॅनेजर तरातरा चालत निघालेले असतात. त्यांच्या मागे आठ-दहा कार्यकर्ते. त्यांच्याही मागे, कुंपणापलीकडे, सगळी पेठ.

पुढच्या दहा मिनिटांत काय घडते, याविषयी आपल्याकडे कोणी लिहीत नाही. गोल कोणी केला, कितव्या मिनिटाला केला, हे दुसऱ्या दिवशी छापून येते. पंचाचे नाव आलेच तर शेवटच्या ओळीत. त्या दहा मिनिटांत मारामारी झाली तरच ती बातमी होते. झाली नाही, तर ती का झाली नाही, हे कोणालाच कळत नाही. बहुतेक वेळा ती न होण्याचे श्रेय त्या घामेजलेल्या माणसाकडे जाते. निदान माझे मत तसे आहे.

दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या पंचांबद्दल मी बोलत नाही. त्यांच्या कानात यंत्र असते, पाठीशी व्हिडिओ असतो, आत जायला बंद होणारा दरवाजा असतो आणि दरवाजापाशी पोलीस असतो. मी बोलतो आहे तो आठवडाभर शाळेत, पतपेढीत, एसटीत किंवा महापालिकेत नोकरी करून रविवारी दुपारी शिट्टी गळ्यात अडकवणाऱ्या माणसाबद्दल. मिळणाऱ्या मानधनात पेट्रोल आणि वडापाव निघाला तरी पुष्कळ. मुंबईच्या मैदानांवर असा माणूस झाडाखाली पिशवी ठेवून कपडे बदलतो, आणि सामना संपल्यावर ती पिशवी घ्यायला त्याला त्याच झाडाखाली, त्याच माणसांतून जावे लागते.

कोल्हापुरात तर गोष्ट आणखी बिकट. १९९०च्या दशकात बँकेच्या नोकरीमुळे मी काही वर्षे तिथे होतो, आणि फुटबॉल म्हणजे काय ते मला तिथेच कळले. तिथले संघ कंपन्यांचे नाहीत, तालमींचे आणि पेठांचे आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. एकाच तालमीच्या नावाखाली लाल मातीतला पैलवानही तयार होतो आणि शाहू स्टेडियमवर धावणारा स्ट्रायकरही. उत्तर भारतात निवडणुकीला जेवढी गर्दी लोटत असेल, तेवढी तिथे दोन पेठांच्या सामन्याला लोटते, असे मी गमतीने म्हणत असे आणि माझे कोल्हापूरकर मित्र ते गंभीरपणे ऐकून घेत. अशा गावात पंच हा परका नसतो. त्याचे घर कुठल्या गल्लीत आहे, त्याची बहीण कुठल्या पेठेत दिली आहे, त्याचा मुलगा कोणत्या शाळेच्या संघातून खेळतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. स्टेडियमवर चुकवलेला मॅनेजर रात्री गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर भेटतो. तिथे चुकवला तर सकाळी महाद्वार रोडवर. त्या गावात पंचाला पळून जाण्याची सोयच नाही. त्यामुळे तक्रार कशी ऐकावी याचे एक शास्त्र तिथल्या जुन्या पंचांनी आपापल्या परीने तयार केले होते.

ते सांगण्याआधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण या तक्रारीचे मूळ त्यात आहे. फुटबॉलमध्ये सुरुवातीला मैदानावर रेफ्री नव्हताच. दोन्ही संघ आपापला एकेक अंपायर आणत. खेळाडूंनी दाद मागायची, अंपायरांनी निर्णय द्यायचा. त्या दोघांचे पटले नाही तर रेषेबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे प्रकरण 'रेफर' करायचे. म्हणून तो रेफ्री. ज्या १८९१ साली आपल्या मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला, त्याच वर्षी तिकडे हा तिसरा गृहस्थ मैदानात आला आणि दोन्ही अंपायर रेषेवर जाऊन लाइनमन झाले. पुढे काही वर्षांत खेळाडूंनी दाद मागण्याची पद्धतही गेली. क्रिकेटमध्ये ती अजून आहे. तिथे अपील झाल्याशिवाय अंपायर बाद देत नाही, म्हणजे ओरडणे हा नियमाचाच भाग आहे. ओरडून झाले, बोट वर गेले किंवा नाही गेले, की विषय संपला. फुटबॉलमध्ये ओरडण्याची ती अधिकृत जागा काढून घेतली गेली. दाद मागण्याची माणसाची खोड मात्र गेली नाही. ९० मिनिटे कोंडलेली ती दाद शिट्टी वाजल्यावर मॅनेजरच्या तोंडून बाहेर पडते.

आणि ती पडते तेव्हा तिचा काही उपयोग नसतो, ही यातली खरी मेख आहे. खेळाच्या नियमांतला पाचवा नियम सांगतो की खेळातल्या घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम. गोल झाला की नाही, हाही त्यात आला. सामना संपवून पंच मैदानाबाहेर पडला की त्याला स्वतःलासुद्धा तो निर्णय फिरवता येत नाही. मैदान सोडेपर्यंत कार्ड दाखवण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. फक्कीची रेषा ओलांडली की तोही संपतो, उरतो तो फक्त अहवाल. बँकेत चुकीच्या खात्यात पडलेली रक्कम उलट नोंद करून परत आणता येते. चूक कोणाची, यावर महिनाभर पत्रव्यवहार झाला तरी पैसा जागेवर येतो. फुटबॉलमध्ये उलट नोंद नाही.

एक अपवाद आहे. पंचाच्या डोळ्यांनी दगा दिला तर दाद नाही, पण त्याने नियमच चुकीचा लावला तर दाद मागता येते. बहुतेक स्पर्धांच्या नियमावलीत ठरावीक मुदतीत, लेखी, शुल्क भरून निषेध नोंदवण्याची जी तरतूद असते ती यासाठी, किंवा अपात्र खेळाडू उतरवला म्हणून. याचे एक मजेदार उदाहरण आहे. सप्टेंबर २००५ मध्ये ताश्कंदला विश्वचषक पात्रतेचा सामना होता, उझबेकिस्तान विरुद्ध बहारीन. यजमान एका गोलने पुढे असताना त्यांना पेनल्टी मिळाली आणि ती त्यांनी मारली. पण लाथ बसण्यापूर्वी त्यांचाच एक खेळाडू आत घुसला होता. नियमाप्रमाणे पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. पंचांनी ती रद्द करून बहारीनला फ्री किक दिली. सामना उझबेकिस्ताननेच १-० असा जिंकला, तरी तक्रार त्यांनीच केली आणि ३-० असा निकाल मागितला. चूक नियमाची होती, त्यामुळे फिफाला ती ऐकावी लागली. फिफाने निकालच रद्द केला आणि सामना पुन्हा खेळायला लावला. तो १-१ असा सुटला, पुढचा बहारीनमध्ये ०-० झाला, आणि परक्या मैदानावरच्या त्या एका गोलाच्या जोरावर बहारीन पुढे गेले. जिंकलेल्यांनी तक्रार केली आणि हरले. प्रत्येक संघाच्या मॅनेजरने ही गोष्ट पाठ करून ठेवावी.

असो. मुद्दा असा की शंभरातल्या नव्व्याण्णव तक्रारी नियमाच्या नसतात, डोळ्यांच्या असतात. 'आमच्या पोराला पाडलं, तुम्हाला दिसलं नाही.' 'तो ऑफसाइड होता, शेंबडं पोरगं पण सांगेल.' म्हणजे ज्यात काहीही मिळणार नाही, हे मॅनेजरलाही पक्के माहीत आहे. मग तो येतो कशाला?

याचे उत्तर मला फुटबॉलने नव्हे, बँकेने दिले. तक्रार घेऊन येणारा ग्राहक पहिल्या वाक्यात रक्कम सांगत नाही. तो म्हणतो, 'तुमचा माणूस माझ्याशी कसा बोलला ते आधी ऐका.' अर्ज दोन प्रतींत आणतो आणि एका प्रतीवर शिक्का व सही मागतो. त्या शिक्क्याला आम्ही 'पोच' म्हणतो. १९९५ साली रिझर्व्ह बँकेने बँकिंग लोकपाल योजना आणली, तक्रारींना वरची पायरी मिळाली, ते उत्तमच झाले. पण माझा अनुभव असा की निम्म्याहून अधिक माणसे पोच मिळाली की शांत होतात. आपले म्हणणे कोणीतरी घेतले, त्यावर आजची तारीख पडली, एवढे त्यांना पुरते. घरी जाऊन ती प्रत दाखवता येते.

मॅनेजरलाही पोच हवी असते. तोही हौशीच असतो हे आपण विसरतो. पोरांचे बूट, जर्सी, सरावानंतरची केळी आणि अंडी यांसाठी त्याने वर्षभर लोकांकडे हात पसरलेला असतो, कमी पडले तर पदरचे घातलेले असतात. हरल्यावर त्याला पेठेत परत जायचे असते. कट्ट्यावर बसलेली मंडळी पहिला प्रश्न विचारणार, 'पंचाला जाब विचारलास का न्हाईस?' त्याला सांगता आले पाहिजे, 'विचारला.' तो पंचाशी बोलतो तेव्हा अर्धे बोलणे पंचासाठी असते आणि अर्धे पाठीमागच्या गर्दीसाठी. हे ज्या पंचाला कळले त्याची निम्मी लढाई तिथेच जिंकून होते.

आमच्या शाखेत एक हेड कॅशिअर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते पंच होते, आणि पंचाला 'मामा' म्हणणाऱ्या गावाने त्यांना कधी मामा बनवले नाही, हा कोटीचा विषय आमच्याकडे रोज चाले. मामांनी तक्रारी हाताळण्याची जी रीत बसवली होती, तिला कोणी शिबिरात शिकवले नव्हते. शिट्टी वाजली की ते पळत सुटत नसत आणि रेंगाळतही नसत. दोन्ही लाइनमन जवळ येईपर्यंत थांबत, मग तिघे मिळून चालू लागत. मॅनेजर आला की चालता चालता दोन पावले बाजूला होत, म्हणजे तोही आपोआप बाजूला येई आणि त्याची पाठ गर्दीकडे वळे. माणसाची पाठ गर्दीकडे झाली की आवाज खाली येतो, हे मामांचे निरीक्षण. मॅनेजर बोलत असताना ते मध्ये शब्द काढत नसत. 'सर, त्यो हँडबॉल तुम्ही बघितलासा का न्हाई?' या प्रश्नापर्यंत तो येई. मग मामा एवढेच सांगत, 'मी अठराच्या रेषेवर होतो. तुमच्या पोरानं हात चेंडूकडं नेला. मला तसं दिसलं.' तीन वाक्ये. आपण कुठे होतो, काय दिसले, आणि ते आपल्याला दिसले. त्यापुढे तो काही म्हणाला तर, 'लेखी द्यायचं असंल तर कमिटीकडं द्या.' आणि चालू पडत.

तीन वाक्ये म्हणजे काही मोठे नाही, असे वाटेल. पण त्यांनी काय टाळले ते पाहा. नियमाचे पुस्तक उघडले नाही. 'तुमच्या पोराला आधी दोनदा सोडला होता' असा हिशेब काढला नाही, कारण एकदा हिशेब निघाला की समोरचाही वही उघडतो. 'सगळे तसेच ओरडतात' असे म्हटले नाही. आणि गोड बोलले नाहीत.

गोड बोलणारा पंच हा माझ्या मते सगळ्यांत घातक. पंचांचे नाना प्रकार मी पाहिले. काही मौनीबाबा असतात. मान खाली घालून चालू लागतात. त्यांचे मौन हे घाबरणे आहे की गुर्मी, हे कळत नाही, आणि गर्दी नेहमी गुर्मी समजते. काही मास्तर असतात. पराभवाने पेटलेल्या माणसाला ते ऑफसाइडचे पोटनियम समजावतात. त्यांचे ज्ञान खरे असते, वेळ चुकीची असते. पण हे दोघेही परवडले. तिसरा खांद्यावर हात टाकून म्हणतो, 'जाऊ द्या हो दादा, पुढच्या सामन्यात बघू.' त्याला त्या क्षणी फक्त सुटका हवी असते. पण ते ऐकणारा ते कर्जाच्या वचनचिठ्ठीसारखे खिशात ठेवतो. पुढच्या सामन्यात तोच पंच आला की ती चिठ्ठी बाहेर निघते. आणि त्या सामन्यात त्या संघाला न्याय्य पेनल्टी मिळाली तरी प्रतिस्पर्ध्याला वाटणार, फेड झाली. एका गोड वाक्याने दोन सामने नासतात.

मामांच्या वेळी मोबाइल नव्हते. आताच्या पंचापुढे मॅनेजर येतो तो हात उगारून नव्हे, फोन उगारून. 'हे बघा, स्पष्ट दिसतंय.' कोल्हापुरातले सामने आता यूट्यूबवर थेट दिसतात, आणि पोरांच्या मोबाइलमध्ये तर प्रत्येक गोल चार बाजूंनी असतो. मोठ्या फुटबॉलमध्ये २०१८च्या विश्वचषकापासून व्हिडिओची मदत पंच घेतात, मग आपल्या पंचाने समोर आलेला फोन का पाहू नये, असे कोणालाही वाटेल. माझे उत्तर स्पष्ट आहे: तिथे पाहू नये. व्हिडिओ खोटा असतो म्हणून नव्हे. बरेचदा तो खराच असतो. पण पाहिल्यावर पंच काय करणार? निर्णय फिरवता येत नाही. चूक दिसली तर तो चेहरा लपवू शकत नाही, आणि तो चेहराही कोणीतरी टिपतोच. बरोबर दिसला तर मॅनेजर दुसरा फोन आणतो. हल्लीचे एक तरुण पंच, व्यवसायाने शिक्षक, मला म्हणाले, 'मी सांगतो, दादा, मला पाठवून ठेवा, घरी निवांत बघतो. आणि खरंच बघतो.' हे मला फार आवडले. पोचही दिली आणि सहीही केली नाही.

आता अवघड प्रश्न. चूक झाली असेल तर पंचाने ती तिथे कबूल करावी का? मामांचे मत ठाम होते. 'साहेब, मैदानात न्हाई म्हणायचं. घरी बायकोला सांगायचं, पंचांच्या बैठकीत सांगायचं. तिथं म्हटलं तर ते त्या चुकीचं राहात न्हाई, सगळ्या सामन्याचं होतं.' त्यांचे म्हणणे मला पटते, पण पुरते नाही. चूक दोन प्रकारची असते. पाहून चुकीचा अर्थ लावणे ही एक, आणि पाहायलाच न मिळणे ही दुसरी. पहिलीबद्दल मामांचे खरे आहे. दुसरीबद्दल 'माझ्यासमोर दोन खेळाडू होते, मला दिसलं नाही' हे तिथल्या तिथे सांगणारा पंच लहान होत नाही. हौशी पंचाला पाय दोन आणि डोळेही दोनच असतात, आणि कित्येक सामन्यांत लाइनमनच्या जागी एखाद्या संघाचाच राखीव खेळाडू झेंडा घेऊन उभा असतो. 'दिसलं नाही' ही कबुली नव्हे, वस्तुस्थिती आहे. आणि अर्ध्या मॅनेजरांना तेवढेच ऐकायचे असते: पंचाने मुद्दाम केले नाही.

१९८६च्या विश्वचषकात मॅराडोनाने हाताने गोल केला आणि ट्युनिशियाचे पंच अली बेनासूर यांनी तो दिला. इंग्लंडने किती आरडाओरडा केला तरी व्हायचे ते झाले. २०१५ साली मॅराडोना त्या पंचांच्या घरी जाऊन त्यांना भेटला आणि त्यांना आपली सही केलेली जर्सी दिली. फायदा झालेला माणूस आभार मानायला येतो, तो असा २९ वर्षांनी. नुकसान झालेला दोन मिनिटांत येतो.

हे सगळे मी तक्रारीविषयी बोललो. शिवी ही तक्रार नव्हे आणि धक्काबुक्की तर नव्हेच, आणि तिथे माझी सहानुभूती पूर्णपणे शिट्टीवाल्याच्या बाजूने आहे. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या अल्मेरे गावी मुलांचा एक सामना झाला. रिचर्ड न्यूवेनहाउझेन हे ४१ वर्षांचे गृहस्थ त्यात स्वयंसेवक लाइनमन होते. त्यांचा मुलगा त्याच सामन्यात खेळत होता. सामना संपल्यावर पाहुण्या संघातल्या काही मुलांनी त्यांना लाथाबुक्क्यांनी मारले आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. पुढच्या वर्षी सहा किशोरवयीन मुलांना शिक्षा झाली. त्यांच्याबरोबर त्यांतल्या एकाच्या वडिलांनाही. ते वडील माझ्या डोक्यातून जात नाहीत. रविवारची पुरवणी घरात सगळे वाचतात म्हणून मुद्दाम लिहितो: मुंबई-पुण्याच्या अकादम्यांच्या सामन्यांत दहा-बारा वर्षांच्या मुलांवर पंच म्हणून सतरा-अठरा वर्षांचा मुलगा उभा असतो. शिट्टीनंतर त्याच्याकडे येतात ते मॅनेजर नसतात, आई-बाप असतात. चांगले शिकलेले, चांगल्या गाडीतून आलेले. त्या मुलाला पेठेतल्या मॅनेजरइतकीही अदब वाट्याला येत नाही. एका मोसमात असे चार रविवार गेले की तो शिट्टी ठेवून देतो. मग पुढच्या वर्षी सामन्यांना पंच मिळत नाहीत म्हणून तक्रार करायला तेच पालक आयोजकांकडे जातात.

इंग्लंडने यावर बरेच प्रयोग केले. २०१९पासून नियमांत बदल होऊन मॅनेजरलाही पिवळे-लाल कार्ड दाखवता येऊ लागले. बाकावरचा नेमका कोण ओरडला हे कळले नाही, तर तिथल्या सगळ्यांत ज्येष्ठ प्रशिक्षकाला कार्ड मिळते. बँकेत शाखेतल्या कोणाचीही चूक शाखाधिकाऱ्याच्या माथी येते, तसेच हे. मला त्यात काही अन्याय दिसत नाही. त्याच वर्षापासून तिथल्या हौशी फुटबॉलमध्ये पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला दहा मिनिटे बाहेर बसवतात. २०२३मध्ये काही हौशी लीगांत पंचांच्या छातीवर कॅमेरे लावून पाहिले. कॅमेऱ्याने माणूस जपून बोलतो हे खरे. पण ज्या खेळात पंचाला पोलिसासारखा कॅमेरा लावून उतरावे लागते, त्या खेळाचे काही तरी आधीच हरवले आहे, असे मला वाटल्याशिवाय राहात नाही.

त्यांची एक साधी गोष्ट मात्र आपण उचलावी. प्रीमियर लीगमध्ये मॅनेजरला सामन्यानंतर पंचांना भेटता येते, पण अर्धा तास गेल्यावर. आपल्याकडे हौशी सामन्यांत अर्धा तास थांबायला पंचाला खोली नाही आणि शेवटची बसही असते. पण दहा मिनिटे थांबता येईल. आयोजकांच्या टेबलापाशी, एकटा मॅनेजर, दोन्ही लाइनमन समोर, आणि टेबलावर एक वही. पंचाला एकटे गाठायचे नाही आणि पंचानेही मॅनेजरबरोबर बंद खोलीत किंवा चहाच्या टपरीवर एकटे जायचे नाही. लोकांना कप दिसतो, संभाषण ऐकू येत नाही. मॅनेजरने आपले म्हणणे वहीत लिहावे, खाली दोघांच्या सह्या. तालमीतली जुनी मंडळी पुढच्या बाकावर बसतात, त्यांनी आपल्या पोरांना त्या दहा मिनिटांपुरते कुंपणाच्या आत येऊ दिले नाही तर पोलिसांचीही गरज पडणार नाही. कोल्हापुरात त्या म्हाताऱ्यांचा शब्द अजून चालतो.

शिवी दिली गेलीच, तर पंचाला एकच करायचे असते: अहवाल. आणि अहवालात 'अर्वाच्य भाषा वापरली' असे लिहून भागत नाही. शिस्त समितीला नेमका शब्द लागतो. एका सोमवारी मामा कॅश उघडण्यापूर्वी माझ्या टेबलापाशी आले. हातात रेघांचा कागद. रात्री घरी लिहायला बसले होते, पण मुलगी शेजारीच अभ्यासाला बसली होती, म्हणून एक जागा कोरी सोडली होती. इकडे-तिकडे पाहून हळूच म्हणाले, 'साहेब, तुम्ही कादंबऱ्या लिहिता म्हणून विचारतो. ह्या शब्दातला पहिला उकार ऱ्हस्व का दीर्घ?' मी सांगितले. त्यांनी माझ्याच पेनाने तो शब्द व्यवस्थित भरला, कागदाची घडी घालून खिशात ठेवला आणि काउंटरवर जाऊन बसले.

साडेअकराच्या सुमारास तेच मॅनेजर भरणा करायला रांगेत उभे होते. त्यांचे दुकानाचे खाते आमच्याकडेच होते. पाळी आली तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मामांनी पुडके घेतले, बोट ओले केले, मोजले, पुन्हा मोजले, आणि एक नोट बाजूला काढून जाळीखालून परत सरकवली.

'ही फाटकी आहे. बदलून द्या.'

मॅनेजरांनी नोट उजेडात धरून पाहिली आणि दुसरी दिली.